छातीला हात कोण लावणार

बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचलंय ना? नसेल तर आधी ते वाचा. त्यात १९२९ सालची काठियावाडातली हकीगत आहे. एका अस्पृश्य शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. जुलाब, मग बरगड्यांत कळा, श्वास घेता येईना. डॉक्टर म्हणाला, तुमच्या वस्तीत येणार नाही. नगरशेठनं दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा आला, तोही वस्तीबाहेर. ओली बाळंतीण पोरासकट तिथं आणावी लागली. त्यानं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्यानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोच्या. परत त्याच वाटेनं. दिव्याच्या उजेडात पारा बघून डॉक्टरनं न्यूमोनिया म्हणून सांगितलं. बाई मेली.

तापाचा आकडा असा हातोहात फिरवता येतो. छातीतला आवाज नाही फिरवता येत.

स्टेथोस्कोप १८१६ सालचा. पॅरिसच्या नेकर हॉस्पिटलात लेनेक नावाच्या डॉक्टरला बाईच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला. त्यानं कागदाची गुंडाळी केली, एक टोक छातीला, एक कानाला. आवाज उलट जास्त स्पष्ट आला. म्हंजे काठियावाडात ती बाई मेली तेव्हा नळीला ११३ वर्षं झाली होती. नळी लागली असती तर बाई जगलीच असती असं मी म्हणत नाही. तेव्हा पेनिसिलिन औषध म्हणून कुणाच्या हाती नव्हतं. पण न्यूमोनिया म्हणायचं आणि छातीला हात लावायचा नाही, ही कसली डॉक्टरी?

माझी ताई जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी सूतगिरणीत रात्रपाळीला. सकाळी घरी आलो की ती मला खाटेवर धरते. पाठीला उशा लावून ४५ अंशांवर टेकवते, मान जरा डावीकडे वळवायला लावते आणि बॅटरीचा उजेड आडवा पाडून उजवीकडची जुग्युलर शीर बघते. तिची थरथर नुसती दिसते, बोटाला लागत नाही. छातीच्या मधल्या हाडावर वरच्या बाजूला उंचवटा असतो, तिथून पट्टी उभी धरायची. थरथर ३-४ सेंटीमीटरच्या वर दिसली तर हृदयाच्या उजव्या बाजूला दाब वाढलेला. बॉयलरवर पाण्याची पातळी दाखवणारी काच असते, तसलं काम.

कॅरोटिड धमनी मात्र बोटांना लागते. हलक्या हातानं, एका वेळी एकाच बाजूची चाचपायची. दोन्ही दाबल्या तर मेंदूचं रक्त कमी पडून माणूस बेशुद्ध व्हायचा. म्हाताऱ्या माणसाला श्वास रोखायला सांगून तिथं नळीनं ऐकायचं. फुस्स आवाज आला तर आतली वाट अरुंद झालेली असू शकते.

पेशवाईत याच गळ्यात मडकं होतं. ताईची बोटं गळ्यावर असताना मला ते आठवतंच. ताई म्हणते, हलू नको, ठोके चुकतात.

आमच्या गल्लीत एकोणीस वर्षांची पोरगी आहे. जिना चढली की धाप. एका दवाखान्यात तीनदा गेली, तिन्ही वेळा रक्तवाढीच्या गोळ्या. छातीला नळी लागली नाही. दर वेळी विटाळच असतो असं नाही, रांगही असते. पण पत्ता विचारल्यावर कुणाची रांग लांब होते ते आपल्याला ठाऊक आहे.

ताईनं तिला डाव्या कुशीवर वळवलं. डाव्या स्तनाखाली, पाचव्या-सहाव्या बरगडीच्या मधे, ठोका लागतो तिथं नळीची बेल हलकेच टेकवली. मग नळी माझ्या कानात दिली. मला लब-डब कळतं. पण तिथं डबनंतर घरघर होती, बारीक, खालच्या सुरातली. रिंग फ्रेमचं बेअरिंग जायच्या आधी असंच कुरकुरतं, जॉबरला ते लांबून कळतं. ताई म्हणाली, मी अजून शिकाऊ आहे, मोठ्या हॉस्पिटलात न्या. एको काढला. मायट्रल झडप आकसलेली.

लहानपणी घसा धरतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात आणि झडपेवर डाग राहतो. एका खोलीत आठ माणसं झोपतात तिथं हा घसा एकाकडनं दुसऱ्याकडं जातो. बंगल्यात तो फार फिरत नाही.

आता दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. तारीख ताईनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेननं लिहिलीय. पोरीच्या धाकट्या भावाचा घसा परवा धरला होता, त्यालाही त्याच दिवशी दाखवून आणलं.