सपाट चतुष्फलक

यंदापासून पीएचडीला नवे विद्यार्थी घेणं मी थांबवलं. शेवटची विद्यार्थिनी न्यूरल नेटवर्ककडे वळली. निरोप घेताना म्हणाली, "सर, स्लिव्हर सोडून द्या आता." तेवढं मात्र जमत नाही.

स्लिव्हर म्हणजे जवळजवळ सपाट झालेला चतुष्फलक. फळ्यावर काढला तर चौरस आणि त्याचे दोन कर्ण एवढंच दिसतं. गोलाच्या विषुववृत्तावर सारख्या अंतरावर चार बिंदू घ्यायचे आणि एक कर्ण केसभर वर उचलायचा. कडा सगळ्या लांबसडक, घनफळ जवळजवळ शून्य. चौरसाच्या बाजूंवर पृष्ठांमधला कोन शून्याकडे जातो, कर्णांवर १८० अंशांकडे. घन वस्तूचे चतुष्फलकांत तुकडे पाडणाऱ्या जाळीत असा एक तुकडा राहिला तरी पुढचं ताणाचं गणित बिघडू शकतं. आणि आपली कसोटी, परिगोलाची त्रिज्या भागिले सर्वांत लहान कड (कमी तितकं चांगलं), इथे देते ०.७१! सुसम चतुष्फलकाला ०.६१ मिळतात, त्याहून कमी कुणालाच नाही. प्रतलात ही कसोटी लहान कोनांना बरोबर पकडते. त्रिमितीत निकामी तुकडा तिच्यातून सहज पास होतो.

चेंग, डे, एडेल्सब्रुनर, फासेलो आणि टेंग यांनी बिंदूंना वजनं देऊन स्लिव्हर बाहेर काढता येतात हे सिद्ध केलं. प्रत्यक्षात पद्धत छान चालते. सिद्धतेतून हाती लागणारा कोन मात्र नगण्य. का? एका बिंदूला जास्तीत जास्त किती शेजारी असतील, ते सिद्धतेत धरावं लागतं आणि तो आकडा अवाढव्य निघतो. यदृच्छया पसरलेल्या बिंदूंच्या डेलॉने जाळीत तर सरासरी शेजारी फक्त साडेपंधरा! या दोन आकड्यांमधल्या जागेत माझी उमेदीची वर्षं गेली.

लबेल आणि श्यूचुक यांनी २००७ मध्ये ठरीव जालकापासून सुरुवात केली आणि सगळे कोन १०.७ ते १६४.८ अंशांत राहतील अशी हमी दिली. तो निबंध वाचून मी जळलो. ते बिंदू स्वतः निवडतात, मला दिलेले बिंदू सांभाळावे लागतात, अशी समजूत मी घालून घेतली. ती खरीही आहे. जळणं त्यानं थांबलं नाही.

न्यूरल नेटवर्कवाल्या नव्या मंडळींचे पृष्ठभाग देखणे असतात, पण खरं भोक बुजलं की खोटं उरलं, याची हमी कुणी मागतच नाही. मला ही अधोगती वाटते.

मला हमीचा एकच अंश हवा आहे. दिलेल्या बिंदूंवर, सिद्धतेसह, आणि त्या प्रमेयाला माझं नाव.