रिक्षाचं हूड आणि टाक्यांमधलं अंतर

आठवीला ‘बल व दाब’ शिकवताना खिळ्याचं टोक आणि उंटाचे पाय ही उदाहरणं मुलांना पाठच असतात. यंदा मी त्यात रिक्षाच्या हुडाची भर घातली.

आमच्या शाळेत मुलं आणणाऱ्या काकांच्या रिक्षाचं हूड मागच्या काचेभोवती फाटलं होतं. काच म्हणजे हुडात शिवलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा. पण सगळे तिला काचच म्हणतात. ती पिवळी पडलेली, आणि खालच्या कोपऱ्यातून निघालेली फट चांगली वीतभर. मे संपत आलेला, आणि आमचा कोकणातला पाऊस! ऐन शाळा सुरू होताना नवीन हुडाचा खर्च काकांना झेपणारा नव्हता. इकडे दोन पालकांनी मुलांना दुसऱ्या गाडीत घालायचं बोलून दाखवलेलं. शाळेच्या फेऱ्यांवरच काकांचं घर चालतं. त्यांनी स्वतः दोनदा दाभणाने जवळजवळ टाके घालून फट शिवली होती. दोन्ही वेळा ती वाढली.

माझ्या स्कूटरचं सीट कुशनवाल्या चाचांकडे होतं, म्हणून मीही काकांबरोबर गेले. चाचांनी शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “काका, हे शिवलंय की चाळण केलीय?”

रेक्झीनमध्ये सुई गेली की भोक कायमचं राहतं. भोकं जवळजवळ पडली की वहीतल्या फाडायच्या पानासारखी रेघ तयार होते. शिवाय रेक्झीनवरचा थर आणि काच, दोन्ही पीव्हीसीचे. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं द्रव्य उन्हातान्हात हळूहळू निघून जातं. मग हूड वाऱ्याने फडफडतं, कडक झालेली काच वाकत नाही आणि सगळी ओढाताण शिवणीवर येते. परदेशातल्या उघडमिट टपाच्या मोटारींचं कापडी छप्परही पुष्कळदा मागच्या खिडकीपाशीच जातं.

चाचांनी जुने टाके ब्लेडने उसवले. फट जिथे संपत होती तिथे एक बारीक गोल भोक पाडलं. फाटणाऱ्या वस्तूला आणखी एक भोक! पण फटीच्या अणकुचीदार टोकाशी एकवटणारा ताण गोल कडेवर पसरतो आणि फट तिथे थांबते. मग नव्या रेक्झीनची रुंद पट्टी सोल्युशनने चिकटवून शिवण जुन्या भोकांपासून दोन बोटं दूर, धड कापडात, लांब टाक्यांनी घातली. पट्टीची वरची कड हुडाच्या कापडाखाली सरकवली. कौलं शाकारताना वरचं कौल खालच्यावर येतं ना, अगदी तसंच. पाणी आत शिरायला वाटच नाही. नवी काच कापताना चारही कोपरे गोल केले. काकांच्या फेऱ्या जूनमध्ये सुरू झाल्या, ते दोन पालकही थांबले.

वर्गात मी मुलांना कागदाच्या तीन सेंटिमीटर रुंद पट्ट्या दिल्या. एकीवर आडव्या रेघेत दोन-दोन मिलिमीटरवर टाचणीची भोकं, दुसरीवर सेंटिमीटरभर अंतराने. दोन्ही ओढा. पहिली कुठे फाटेल हे मुलं आधीच ओरडून सांगतात. मग कागदात एक चौकोनी खिडकी कापा, एक गोल कोपऱ्यांची. इथे मी ‘कॉमेट’ विमानांबद्दल सांगते. 1954 मध्ये ही दोन ब्रिटिश जेट विमानं हवेतच फुटून समुद्रात पडली, आणि तपासात कोपऱ्यांपाशी साठणाऱ्या ताणाचा मुद्दा पुढे आला. हे ऐकताना वर्ग एकदम गप्प होतो. (टाचण्या मात्र मोजून द्या आणि मोजून परत घ्या!)

“मग दोराच जाड घेतला तर?” असं एकाने विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत काकांच्या रिक्षातून येणारी एक मुलगी म्हणाली, “जाड दोऱ्याला सुई जाड लागेल, आणि भोक अजून मोठं पडेल ना!”