वासे मोजण्याची खोड

आजोळी जेवून माजघरात उताणं पडलं की मी वर बघत वासे मोजायचो. आजी ओरडायची, "खाल्ल्या घरचे वासे मोजतोस, मेल्या!" म्हण कळायचं ते वय नव्हतं, मला खरोखरच वासे मोजायचे असत. त्यांच्या खालच्या तुळईला मधोमध जरासं पोट सुटलं होतं. ती आज पडते की उद्या, याची मला फार काळजी.

गुहागरकडच्या त्या घरापुढे, खळ्यात, दिवाळीनंतर मांडव घालत. मेढी पुरायच्या, त्यांच्या बेचक्यांत पोफळीचे सोट आडवे टाकून सुंभाने आवळायचे, वर झाप. आगोट आली की सगळं उतरवायचं. दोन मेढींत अंतर पाच हात, म्हणजे साधारण साडेसात फूट. एका सुट्टीत क्रिकेटला आड येते म्हणून मधली मेढ काढू या, असं मी सुचवलं. आजोबा म्हणाले, "काढ की. आणि तिच्या जागी तू उभा राहा, मे अखेरपर्यंत."

सोट चढवण्याआधी ते एक डोळा मिटून त्याच्या टोकावरून बघत आणि जिकडे बाक असेल ती बाजू वर करत. का, तर "बसतं ते आपोआप."

पुढे इंजिनीअरिंगला गेल्यावर हे बसणं सूत्रात भेटलं. फुटामागे ओझं तेवढंच ठेवून तुळईचा गाळा दुप्पट केला, तर झोल सोळापट वाढतो. तुळईची रुंदी दुप्पट केली तर तो निम्मा होतो, पण उंची दुप्पट केली तर थेट आठवा हिस्सा उरतो. म्हणून फळी आडवी न घालता धारेवर उभी घालायची. परीक्षेपुरतं हे सगळं लिहिलं आणि नंतरची तीस-बत्तीस वर्षं काँक्रीटच्या तुळयांतल्या सळ्या मोजण्यात घालवली.

निवृत्तीनंतर पुण्यात घरामागे पेर्गोला करायचं ठरलं. शब्द आर्किटेक्टचा, माझ्या लेखी तो मांडवच. बायकोची अट एकच होती, मध्ये खांब नको, तिथे टेबल येणार. गाळा झाला चौदा फुटांचा. पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान मिळालं, चार बाय तीनचं. सुतार म्हणाला, "साहेब, सहा इंची घ्या." मी म्हटलं, "अरे, सागवान आहे, वर काय स्लॅब घालायचाय?" गणित मांडलं नाही. जन्मभर काँक्रीट केलेल्या माणसाला लाकूड म्हणजे पोरखेळ वाटतो, दुसरं काय!

वर मधुमालती चढवली. ती कोरडी असताना तिचं वजन जाणवत नाही. दुसऱ्या श्रावणात चार दिवस झड लागली, आणि चहा पिताना वर नजर गेली. तेच पोट. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली, तर मध्ये दोन इंच भरले. लाकडी बांधकामाच्या आयएस ८८३ या मानकाप्रमाणे झोल गाळ्याच्या दोनशेचाळिसाव्या भागापलीकडे जाऊ नये. चौदा फुटांना तो पाऊण इंचही होत नाही.

रात्री कागद घेऊन बसलो. ओझं घातल्याबरोबरचा झोल निघाला सव्वा इंच. उरलेला पाऊण कुठून आला? लाकूड सतत ओझ्याखाली राहिलं की महिनोन्महिने हळूहळू वाकत जातं, आणि आधीच्या झोलाइतकाच आणखी झोल पडू शकतो. आजोबांचं 'बसतं' ते हेच. सहा इंची तुळई त्यात निभावली असती, पण काठावर. आणि मी तर बाक कुठल्या बाजूला आहे हेही पाहिलं नव्हतं.

शेवटी मध्ये खांब आला, वाळवीला घाबरून दगडी उथळ्यावर बसवलेला. जॅक लावून तुळई उचलली, तरी अर्धा इंच तशीच खाली राहिली. आता दोन गाळे आहेत, सात-सात फुटांचे. आजोबांच्या पाच हातांहून सहा इंच कमीच.

टेबल भिंतीकडे सरकलंय. सुतार नको नको म्हणत असताना बायकोने खांबाला खिळा ठोकून घेतला. तिची छत्री तिथे वाळत असते.