चूक कुठे उतरते

पाऊस ओसरून दिवाळी जवळ आली की माझा फोन वाजायला लागतो. लोकांनी घरात काम काढलेलं असतं आणि प्रश्न बहुतेक एकच असतो: "मॅडम, हे आमचं आम्ही केलं तर चालेल का, की माणूस लावू?" पुण्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून 26 वर्षं काढल्यावर मी त्यांना उलट विचारते. काम चुकलं तर ती चूक तुम्हाला दिसेल का? आणि ती उतरेल कोणाच्या घरात?

रंग देताना चुकलं तर भिंतीवर दिसतं, आपल्याच घरात राहतं आणि पुन्हा हात फिरवला की सुधारतं. म्हणून रंगकाम घरच्यांनी जरूर करावं. माझे वडील सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घराला दर दिवाळीआधी स्वतः चुना द्यायचे. चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, त्यात थोडी नीळ. त्या मातीच्या भिंतींना चुनाच मानवायचा, कारण आतली ओल त्यातून बाहेर पडायची. पुढे कोणाच्या तरी सांगण्यावरून त्याच भिंतींना सिमेंटचा गिलावा केला आणि दोन पावसाळ्यांत तो पोपडे धरून सुटला. ओल आतच कोंडली होती. फ्लॅटमध्येही तेच. भिंतीवर ओलीचा डाग असेल तर पुट्टी आणि रंगाचा खर्च आधी करू नका, पाणी कुठून येतंय ते शोधा. नव्या गिलाव्याला तर महिनाभर वाळू द्यायला हवं. दिवाळी तोंडावर असताना हे सांगणं मला जड जातं, तरी सांगते.

आपल्याकडे "स्वतः काम केलं" याचा अर्थ बहुधा स्वतः थापी धरली असा नसतो. मालक नाक्यावरून गवंडी आणतो, माल स्वतः भरतो, रोज मजुरी देतो आणि ऑफिसला जाता-येता नजर टाकतो. मटेरियलसकट कोणाच्या अंगावर काम दिलं तर तो जास्त लावतो, म्हणून हा मार्ग. पैसे वाचतात हे खरं. पण गवंडी, प्लंबर आणि वायरमन यांच्या कामांचा क्रम कोणी लावायचा, हे त्यात कोणाकडेच नसतं. मी पाहिलेली निम्मी बिघडलेली कामं या फटीतली आहेत. माणसं कसबी होती, पण एकाने केलेलं दुसऱ्याने फोडलं.

कोथरूडमधलं एक बाथरूम मला विसरता येत नाही. इमारत 1980च्या दशकातली. निवृत्त शिक्षक असलेल्या काकांनी मनापासून काम करून घेतलं होतं. फरशी सुरेख, उतार बरोबर. चार महिन्यांनी खालच्या स्वयंपाकघराच्या छतावर पिवळा डाग आला, मग गिलावा पडला आणि आतली गंजलेली सळई दिसली. घडलं ते असं. बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली घेतलेला असतो, त्यात वॉटरप्रूफिंग आणि विटांच्या तुकड्यांचा कोबा. वॉटरप्रूफिंग नीट झालं होतं. नंतर प्लंबरने नहाणी ट्रॅप सहा इंच सरकवण्यासाठी तोच थर फोडला आणि भोवती नुसतं सिमेंट भरलं. वरून काहीच कळणार नव्हतं. सळई गंजली की फुगते आणि भोवतीचं काँक्रीट तोडते. स्लॅबमध्ये सळईवर काँक्रीटचं आवरण असतं जेमतेम 20 मिलिमीटर. खालच्या घरात तान्हं बाळ होतं. पाळणा त्या छताखाली नव्हता, एवढंच नशीब.

विजेचं थोडक्यात सांगते, कारण इथे मला दोन मतं नाहीत. दिवा, पंख्याचा रेग्युलेटर हे मेन बंद करून, जाणणाऱ्याने बदलावं. नवा पॉइंट मात्र परवानाधारक माणसाकडूनच. 2,000 वॉटचा गिझर सुमारे 9 अँपिअर ओढतो. तो दिव्यांच्या बारीक वायरीवर जोडला की एमसीबी पडायला लागतो, मग कोणीतरी मोठा एमसीबी बसवून देतं. त्यानंतर एमसीबी पडत नाही आणि वायर भिंतीत तापत राहते.

भिंतींचं तर विचारूच नका, आधी इंजिनिअरला दाखवा. दहा फूट लांबीची साडेचार इंची विटांची भिंत, गिलाव्यासकट, दोन-अडीच टनांची होते. घराचा स्लॅब माणसं आणि सामानासाठी धरलेला असतो तो चौरस मीटरला 200 किलोच्या हिशेबाने. त्यामुळे भिंत हलवून दुसरीकडे बांधणं म्हणजे फर्निचर सरकवणं नव्हे. पुण्यातल्या कितीतरी जुन्या तीन मजली इमारतींत कॉलमच नाहीत, नऊ इंची भिंतींवरच सगळा भार आहे. तिथे हॉल मोठा करायला भिंत काढली, तर काय काढलं हे वरच्या मजल्यांना कळतं. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरला चार मजली इमारत कोसळून 17 माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. त्या दिवसापासून सोसायटीच्या परवानगीच्या पत्राला "नुसता कागद" म्हणणाऱ्याशी मी वाद घालते. आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. काम काढण्याआधी तो अहवाल मागून वाचा.

माणूस लावला म्हणजे मालकाचं काम संपलं, असं मात्र मी कधीच म्हणत नाही. जे झाकलं जाणार आहे ते झाकण्याआधी पाहणं हे मालकाचंच काम. भिंतीतल्या पाइप-वायरींचे फोटो शेजारी टेप धरून काढावेत. पाइपात दाब भरून तपासणी झाल्याशिवाय खाचा बुजवू देऊ नयेत. वॉटरप्रूफिंगनंतर पाणी साठवून किमान 48 तास ठेवावं आणि तोवर फरशीवाल्याला येऊ देऊ नये, तो कितीही घाईत असला तरी.

गेल्या महिन्यात सिंहगड रोडवरच्या एका काकूंनी हे अक्षरशः केलं. ट्रॅपचं तोंड बंद करून बाथरूममध्ये चार इंच पाणी भरलं आणि पातळीवर पेन्सिलने रेघ मारली. दोन दिवस त्या आंघोळीला शेजारी जात होत्या, आणि सकाळ-संध्याकाळ खालच्यांचं दार वाजवून छत पाहून येत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांचा फोन आला. पाणी रेघेच्या केसभर खाली होतं, खालचं छत कोरडं होतं. "आता बोलावू ना फरशीवाल्याला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बोलवा."