या वर्षी भेटलेले तिघे

मागच्या डिसेंबरात फोनने मला माझा हिशोब दाखवला. रोजचा स्क्रीन टाइम सरासरी ६ तास १० मिनिटं, त्यात रील्सच जवळजवळ तीन तास. मी पुण्यात एका बँकेच्या बॅक ऑफिसात काम करते, त्यामुळे आकडे दिसले की पोटात गोळा येतो. त्याच रात्री ठरवलं की पुढचं वर्ष वाचायचं. अट एकच: ज्याचं एकही पुस्तक आपण वाचलेलं नाही असा लेखक हवा.

अट सोपी होती, कारण माझं मराठी वाचन म्हणजे शाळेतले धडे, पु. ल., 'मृत्युंजय' आणि कॉलेजात वाचलेलं 'रणांगण'. एवढ्या भांडवलावर मी लोकांना 'मला वाचनाची आवड आहे' असं सांगत आले होते.

वर्षभरात अकरा पुस्तकं संपली आणि चार अर्धवट राहिली. जी. एं.चं 'काजळमाया' दोनदा उघडलं आणि दोनदा मिटलं. दोष त्यांचा नाही, रात्री साडेअकराला दमून वाचायचं ते पुस्तक नव्हे. पण तीन लेखक असे भेटले की त्यांच्याबद्दल कुणाला तरी सांगावंच लागेल.

पहिले उद्धव शेळके. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'धग' सापडली. १९६० सालची कादंबरी. उभ्या उभ्या दोन पानं वाचली आणि कानात आजीचा आवाज आला. मी अमरावतीकडची. शेळके आमच्याच जिल्ह्यातले, आणि त्यांची माणसं वऱ्हाडीत बोलतात. गंमत म्हणून नाही, विनोदासाठी नाही. रडतात, भांडतात, उपाशी झोपतात ते सगळं वऱ्हाडीत.

पुण्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑफिसात माझ्या तोंडून 'मले' निघालं होतं. कुणी वाईट बोललं नाही. 'किती गोड! परत बोल ना,' एवढंच म्हणाले. मी परत कधी बोलले नाही. सहा महिन्यांत 'करून राहिली' गेलं, 'करतेय' आलं. आईचा फोन आला की मी गॅलरीत जाऊन दार ओढून घ्यायचे.

'धग'मधली कौतिक नवऱ्याचं आणि पोरांचं घर एकटीच्या जिवावर ओढत राहते. तिचा नवरा महादेव पाय रोवून उभा राहतच नाही. मी दर रविवारी फोनवरून आजीला थोडं थोडं वाचून दाखवायला लागले. आजीला वाचता येत नाही. पहिल्या दिवशी ती मधेच म्हणाली, 'हे त आपल्याच घरचं बोलून रायले व! कोनं लिवलं?' पुस्तकात असं बोललेलं असू शकतं हे तिला ७८व्या वर्षी कळलं. मला २७व्या. महादेवाचे प्रताप ऐकून ती चिडायची. 'असाच होता तुहा आजा,' म्हणायची. आजोबांबद्दल असं काही आमच्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोपलीकडे मला ते माहीतच नव्हते. तीन महिन्यांत 'धग' संपली, आणि आजीच्या संसाराची गोष्ट मला पहिल्यांदा कळली.

दुसऱ्या विभावरी शिरूरकर. 'कळ्यांचे निःश्वास' हा त्यांचा कथासंग्रह १९३३ साली आला, तेव्हा ही बाई कोण यावर वादळ उठलं होतं. विभावरी हे टोपणनाव. खरं नाव बाळूताई खरे, लग्नानंतर मालतीबाई बेडेकर. म्हणजे ज्यांचं 'रणांगण' मी वाचलं होतं, त्या विश्राम बेडेकरांच्या पत्नी. नवऱ्याचं पुस्तक मला कॉलेजात मिळालं आणि बायकोचं मिळायला आणखी आठ वर्षं लागली. तेही वाचनालयातल्या मावशींनी खालच्या कप्प्यातून शोधून दिलं म्हणून.

त्यातल्या एका कथेचं नाव आहे 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' शिकलेली, कमावती मुलगी आणि तिच्या पगारावर चालणारं घर. मी ती बसमध्ये वाचली आणि नावापाशीच थांबले. माझ्या पगारातले बारा हजार दर महिन्याच्या दोन तारखेला घरी जातात. धाकट्या भावाची फी, आईची औषधं. मला त्याचं दुःख नाही. पण लग्नाचा विषय निघाला की घरात सगळे गप्प होतात, आणि ते का होतात हे मला माहीत असूनही मी कधी विचारलं नाही. नव्वद वर्षांपूर्वी एका बाईने ते विचारलं होतं. स्वतःचं नाव लपवून विचारावं लागलं, पण विचारलं. मी अजून विचारलेलं नाही. एवढंच की आता त्या गप्प बसण्याला मी 'आमच्याकडे सगळे समजूतदार आहेत' असं म्हणत नाही.

तिसरे बाबुराव बागूल. हे पुस्तक मी शोधलं नाही. 'जेव्हा मी जात चोरली होती' आमच्याच हॉलमधल्या शेल्फवर दोन वर्षं होतं. माझ्या रूममेटचं. रोज त्याच्यासमोर बसून मी चहा प्यायचे.

आता दोन वर्षांपूर्वीचं सांगायला हवं. आम्ही दोघी फ्लॅट शोधत होतो. एक फार आवडला होता. ऑफिसपासून दहा मिनिटांवर, खिडकीत गुलमोहर. घरमालकीणबाईंनी चहा दिला, माझं आडनाव विचारलं आणि मान हलवली. तिचं विचारलं, ते ऐकलं, आणि 'म्हणजे मूळच्या कुठल्या?' असं पुढचं विचारत राहिल्या. दुसऱ्या दिवशी एजंटचा मला फोन आला. 'तुम्ही एकट्या येत असाल तर चालेल म्हणतायत.' मी नाही म्हटलं. इथपर्यंत मी बरी वागले. पण तिला मी सांगितलं की फ्लॅट एका फॅमिलीला दिला. तिला वाईट वाटू नये म्हणून, असं स्वतःला समजावलं. आम्ही लांबचा फ्लॅट घेतला आणि विषय संपला.

दिवाळीत ती गावी गेली होती. वायफाय बंद पडलं आणि मी ते पुस्तक काढलं. १९६३चा कथासंग्रह. नावाच्या कथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो, परक्या गावात राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवतो. उघडकीला येते तेव्हा बेदम मार खातो. कथा संपली तेव्हा मला तो गुलमोहर आठवला.

खरं सांगायचं तर वाचताना सुरुवातीला मी स्वतःला त्याच्या जागी ठेवत होते. मीही बोली लपवली होतीच ना? मग लक्षात आलं की मी 'मले' म्हटलं असतं तर लोक हसले असते. बस, एवढंच. माझ्या पाठीवर काठी पडली नसती, चहा झाल्यावर कुणी दार लावलं नसतं. या गोष्टीत मी तो तरुण नव्हते. मी खरी गोष्ट दडपून ठेवणारी शेजारीण होते.

ती परत आल्यावर मी सगळं सांगितलं. ती फराळाचा डबा उघडत होती. हात न थांबवता म्हणाली, 'मला माहीत होतं. त्या एजंटने नंतर मलाही दुसरं घर दाखवायला फोन केला होता, तेव्हा बोलला.'

'मग तू काही बोलली का नाहीस?'

'दर वेळी मीच का बोलायचं?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही चकल्या खाल्ल्या. दोन दिवस घरात जरा अवघडल्यासारखं होतं. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, 'त्यातली कुठली कथा आवडली?' मी सांगितलं. ती म्हणाली, 'बाकीच्या पण वाच. एकच वाचून माफी मागायला आलीस.'

वाचल्या. मग त्यांचं 'मरण स्वस्त होत आहे' आणलं, आणि या वेळी ते माझ्या पैशाने आलं.

लोक विचारतात, वर्षभर वाचून काय मिळालं? स्क्रीन टाइम अजूनही चार तासांच्या खाली आलेला नाही. पण आईचा फोन आता मी हॉलमध्ये बसूनच घेते. रूममेटला वऱ्हाडी बऱ्यापैकी कळायला लागली आहे. परवा मी ऑफिसातून उशिरा आले, तर आतून आवाज आला, 'कोठी होती व इतका वेळ?'

उच्चार चुकला होता. मी दुरुस्त केला, आणि तिने तो पुन्हा म्हणून पाहिला.