दोस्ती नव्हे, शेजार

आमच्या घरी ससा आधी आला आणि कुत्रा नंतर. ससा आला मुलीच्या हट्टाने, कुत्रा आला बागेच्या गरजेने. ज्यांचे घर कोकणात आहे त्यांना वानरांचा त्रास वेगळा सांगायला नको. मोहोर ओरबाडायचा, कोवळे नारळ खाली टाकायचे, परसातली भाजी उपटायची. दोन हंगाम हे सोसल्यावर मुलांच्या अब्बांनी ठरवले की राखणीला कुत्रा हवाच. एका नातेवाइकाच्या वाडीवरून सात महिन्यांचा शेरू आला.

अम्मींचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, पहिला प्रश्न अपेक्षितच होता. “घरात फरिश्ते यायचे की नाही?” घरात कुत्रा असल्यास रहमतचे फरिश्ते येत नाहीत, ही हदीस आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो. त्याचबरोबर शिकार, शेती आणि जनावरांची राखण यांसाठी कुत्रा ठेवण्याची मुभा पैगंबर (स.) यांनी दिली आहे, हेही हदीसमध्येच आहे. मशिदीतल्या मौलानांनी ते समजावून सांगितल्यावर अम्मींनी होकार दिला, पण अटी घातल्या. कुत्रा खळ्यातच राहील. पडवीची पायरी चढणार नाही. त्याचे भांडे वेगळे, ते धुण्याची जागा वेगळी. आम्ही कोकणातले बहुतेक लोक शाफई मसलकाचे. कुत्र्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा धुवायचे आणि त्यातले एकदा मातीने, हा नियम अम्मींना तोंडपाठ होता. हनफी घरांत याचे तपशील थोडे वेगळे आहेत; ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे.

माझ्या मुलीला या अटी फार कठोर वाटल्या. मोबाईलवर तिने कुत्र्याच्या पोटाशी झोपलेले ससे पाहिले होते. आपला कापूस आणि शेरू असेच दोस्त होतील, अशी तिची खात्री होती. नऊ वर्षांच्या मुलीने असे स्वप्न पाहिले तर त्यात गैर काही नाही. पण त्या व्हिडिओमागे किती महिन्यांची मेहनत असते, आणि जिथे हे जमले नाही तिथे सशाचे काय झाले, हे कुणी दाखवत नाही.

शेरू येऊन तीनच दिवस झाले होते. कापसाचा पिंजरा नेहमीप्रमाणे पडवीत होता. दुपारी कौलांवर वानर उतरले आणि शेरू पायरीपाशी उड्या मारत जिवाच्या आकांताने भुंकू लागला. कापसाने मागचे पाय दोन-तीनदा जमिनीवर आपटले आणि तो कोपऱ्यात दगडासारखा बसला. वानर गेले, शेरू शांत झाला, पण ससा हलला नाही. संध्याकाळी त्याने गवताला तोंड लावले नाही. रात्री पिंजऱ्यात एकही लेंडी दिसली नाही.

सकाळी उठताच त्याला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, “वेळेत आणलंत.” सशाला उलटी करता येत नाही, आणि त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते. भीतीने खाणे थांबले की आतडे मंदावते, पोटात वायू धरतो आणि दुखण्याने तो आणखी खात नाही. अर्धा दिवस काहीच न खाल्लेला ससा म्हणजे तातडीचा रुग्ण, उद्या बघू म्हणण्यासारखा नव्हे. त्यांनी इंजेक्शन दिले, पातळ अन्न दिले आणि सिरिंजने थोडे थोडे कसे भरवायचे ते दाखवले. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्या लेंड्या दिसल्या, तेव्हा अम्मींनीच मोठ्याने “अलहमदुलिल्लाह” म्हटले.

पण घरात आता दोन पक्ष झाले होते. मुलगी रडून सांगत होती, “शेरूला परत पाठवा.” अब्बांना बागेची काळजी होती. मला वाटले, अम्मी मुलीची बाजू घेतील. त्या म्हणाल्या, “त्याचा काय कसूर? भुंकायलाच आणलाय ना त्याला? आपल्या दारात आणला, आता तोही अमानत आहे. त्याची जागा त्याला, याची जागा याला. दोघांचा हक सांभाळा.”

मांजरीला कोंडून उपाशी ठेवणाऱ्या बाईला अजाब झाला आणि तहानलेल्या कुत्र्याला मोज्यातून पाणी पाजणाऱ्या माणसाची बख्शिश झाली, या दोन्ही हदीस आपण मुलांना गोष्टीसारख्या सांगतो. त्या दिवशी आमच्या घरात त्या गोष्टी राहिल्या नाहीत, काम झाल्या. अल्लाहने सूरह अनआममध्ये (आयत 38) जमिनीवरचे प्राणी आणि उडणारे पक्षी यांना तुमच्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. एका छपराखाली दोन वेगळ्या उम्मती नांदवायच्या होत्या.

आम्ही कामाला लागलो. अम्मींची हद्द हीच पहिली पायरी ठरली. पडवीला कमरेइतके जाळीचे दार बसवले. पिंजरा माजघराच्या आत, उंच बाकावर गेला आणि त्यात लपायला पुठ्ठ्याचे खोके ठेवले. पहिला आठवडा दोघांनी एकमेकांना पाहायचे नाही, फक्त वास ओळखायचा. शेरूच्या अंथरुणातला कोरडा गोणपाटाचा तुकडा पडवीच्या टोकाला ठेवला. कोरडे कोरड्याला लागले तर नापाकी लागत नाही, हे अम्मींनी सांगितले आणि माझी एक चिंता मिटली. सशाच्या खालचे जुने गवत शेरूच्या जेवणाच्या जागेजवळ टाकले. जेवताना जो वास रोज येतो, तो हळूहळू शिकारीचा वाटेनासा होतो.

त्याच काळात मुलीने आणि अब्बांनी शेरूला “बस” आणि “सोड” हे दोन शब्द शिकवले. ऐकले की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. मारायचे नाही, ओरडायचे नाही. शिकारी जनावरांना अल्लाहने दिलेल्या इल्ममधून तुम्ही शिकवता, असा उल्लेख सूरह माइदामध्ये (आयत 4) आहे. शिकवलेला कुत्रा आणि न शिकवलेला कुत्रा यांत दीननेही फरक केला आहे, हे मुलीला फार आवडले.

मग प्रत्यक्ष भेटी. शेरूला बागेत चांगला फिरवून, जेवू घालून, दोरीला धरून खळ्यात बसवायचे. पिंजरा जाळीच्या आत, पंधरा फुटांवर. वेळ पाच मिनिटे. शेरूने सशावरची नजर काढून आमच्याकडे पाहिले की लगेच अंड्याचा तुकडा. ससा कधीच हातात धरून समोर न्यायचा नाही. उचललेल्या सशाला आपण पकडलो गेलो असेच वाटते. त्याचे मागचे पाय जोरकस आणि पाठीचा कणा नाजूक, एका झटक्यात तो स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो.

दोघांची भाषा आम्हाला शिकावी लागली. कुत्रा न हलता, न पापणी लववता टक लावून बघू लागला, अंग ताठ झाले, नाव घेतले तरी कान हलला नाही, तर समजायचे की मनात शिकार आहे. शांतपणे दूर न्यायचे. जमीन हुंगतोय, शेपूट सैल हलतेय, मालकाकडे बघतोय, तर ठीक. ससा पाय आपटतो, थिजतो, डोळे विस्फारतो, तर अंतर वाढवायचे. चघळत राहतो, पंजांनी तोंड पुसतो, आडवा होऊन पसरतो, तर तो निश्चिंत आहे. भेटीनंतर तो खातो का आणि लेंड्या टाकतो का, हे मुलगी वहीत लिहू लागली. चार-पाच दिवस सगळे नीट गेले की एक फूट जवळ. एक दिवस खाणे कमी झाले की तीन फूट मागे.

दरम्यान शेरूला रेबीजची लस आणि जंताचे औषध दिले, गोचिड्या काढल्या. रेबीजची लस दरवर्षी द्यावी लागते, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. कुत्रा चावला किंवा नखाने रक्त आले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचे, हेही मुलांना शिकवले.

अडीच महिन्यांनी चित्र असे झाले : शेरू पायरीखाली पाय पसरून पडलेला, जाळीच्या आत कापूस हरळी खातोय, आणि कुणालाच कुणाचे काही वाटत नाही. एका जुम्याला अम्मी सूरह कहफ वाचत होत्या. मुलीने अर्थ विचारला, तेव्हा अम्मींनी तिला गुहेतल्या तरुणांचा किस्सा आणि उंबरठ्याशी पुढचे पाय पसरून बसलेला त्यांचा कुत्रा सांगितला. “म्हणजे त्याची जागा दारातच होती?” मुलीने विचारले. “दारात होती,” अम्मी म्हणाल्या, “पण कुरआनात आहे.”

त्या दोघांना आम्ही मोकळे एकत्र सोडत नाही आणि सोडणारही नाही. कुत्रा कितीही गुणी असो, समोरून काही धावले की पाठलाग करणे हे त्याच्या रक्तात आहे. त्याने खेळात मारलेला पंजाही सशाचे हाड मोडायला पुरतो. मुलीच्या स्वप्नातली दोस्ती झाली नाही. शेजार मात्र झाला, आणि शेजाऱ्याचा हक म्हणजे काय तर आपल्यापासून त्याला भीती नसणे. अम्मींनी पाकीसाठी घातलेली हद्दच सशाच्या जिवाची राखण झाली. तीच शेरूलाही उपयोगी पडली. नाहीतर एखाद्या क्षणात तो गुन्हेगार ठरून दारातून हाकलला गेला असता.

आता मुलगी सकाळी दोन भांडी भरते, एक खळ्यातले आणि एक आतले. हात धुते. मग जाळीच्या दाराची कडी ओढून बघते आणि शाळेला जाते.