शस्त्रक्रियेनंतरचा खर्च

नोव्हेंबर २०१८ मध्ये 'गज' चक्रीवादळाने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील नारळीच्या बागा आडव्या केल्या आणि अनेक गावांतील वीज कित्येक दिवस गेली. पुढे त्या भागात जाणे झाले, तेव्हा ओरत्तनाडूजवळच्या एका खेड्यात तंजावरी मराठी बोलणारे एक कुटुंब भेटले. दुभाष्याची गरज पडली नाही. त्यांची सहा वर्षांची मुलगी जन्मतः बहिरी होती आणि तिसऱ्या वर्षी शासकीय मदतीतून तिच्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसविले होते. वादळाविषयी विचारता आजींनी घराच्या उडालेल्या पत्र्यांचा उल्लेखही केला नाही. यंत्राची बॅटरी उतरली आणि नात पुन्हा हाकेला वळेनाशी झाली, एवढेच त्या सांगत राहिल्या.

या यंत्राचे कार्य थोडक्यात असे. निरोगी आंतरकर्णात सुमारे १५,००० केसपेशी असतात. त्या निकामी झाल्यास कानामागील प्रोसेसर आवाज टिपतो, त्याचे संकेत त्वचेखालील ग्राहकाकडे पाठवितो आणि शंखाकृती नलिकेत सरकविलेले साधारणतः १२ ते २२ इलेक्ट्रोड श्रवणचेतेला थेट विद्युत्स्पंद देतात. त्या स्पंदांचा अर्थ लावणे मेंदूला हळूहळू शिकावे लागते. बालपणीची पहिली तीन-चार वर्षे त्यासाठी सर्वांत अनुकूल. मात्र प्रोसेसर बंद पडला की संपूर्ण शांतता.

वीज परतली, परंतु पुढे प्रोसेसरची वायर तुटली. हमीची मुदत संपलेली. सांबा भाताचे पीक हाती येईपर्यंत नवी वायर घेता आली नाही. ते दोन महिने मुलगी शाळेत बसून होती, ऐकत नव्हती.

केंद्राच्या 'अडिप' योजनेत २०१४ पासून एका इम्प्लांटसाठी सहा लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली. ही सामान्य बाब नव्हे. तथापि अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला वाटते की, भांडवली खर्च आम्हा प्रशासकांना दिसतो, आवर्ती खर्च दिसत नाही. अहवालात शस्त्रक्रियांची संख्या येते. मूल किती दिवस ऐकत होते, यासाठी रकाना नसतो. काही हजारांच्या वायरीवाचून लाखोंची गुंतवणूक निष्फळ पडून राहते, ती कोणत्याच हिशेबात येत नाही.

याच ओरत्तनाडूत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सरफोजीराजे दुसरे यांनी मुक्तांबाळच्या नावे छत्र उभारले. तेथे वाटसरूंना अन्न, मुलांना विद्या आणि आजाऱ्यांना औषध मिळे. तंजावरच्या राजांनी अशा छत्रांसाठी केवळ इमारती बांधल्या नाहीत, तर रोजचा खर्च चालावा म्हणून गावांचा महसूल लावून दिला. इमारत एकदा बांधावी लागते, चूल मात्र रोज पेटवावी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

आम्ही निघालो तेव्हा आजींनी नातीला आतून हाक मारली. तिने लगेच 'ओ' दिली. त्या 'ओ'च्या पुढील वर्षांचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा, हा प्रश्न मी सोबत घेऊन परतलो.